नव्या प्रक्रियकाची परीक्षा

कार्यप्रणालीत नव्या प्रक्रियकाला स्थान देणारी संहिता परीक्षणास आली, म्हणजे ‘ती चालते काय?’ हा प्रश्न प्रथम विचारला जातो. वस्तुतः तो गौण होय. न चालणारी संहिता उद्या दुरुस्त करता येते. परंतु कार्यप्रणालीच्या गाभ्याने वापरकर्त्याच्या आज्ञावलींशी एकदा केलेला करार सहसा मोडता येत नाही. परीक्षकाची कसोटी लागते ती या कराराच्या ठिकाणी.

२०२२ साली लिनक्सच्या ५.१९ या आवृत्तीत चीनमधील लूंगसन कंपनीची लूंगआर्च ही रचना समाविष्ट झाली. ते उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. यंत्र सुरू होताना फर्मवेअरने गाभ्याच्या हाती सूत्रे कशी द्यावीत, याची कंपनीची स्वतःची पद्धत होती. परीक्षकांनी ती न स्वीकारता रूढ ईएफआय पद्धतीचा आग्रह धरला. तदनुसारचा भाग ६.१ या आवृत्तीत आला. हा आग्रह योग्यच होता. मात्र तोपर्यंत जुन्या कराराची यंत्रे व आज्ञावली लोकांच्या हाती गेल्या होत्या. ‘जुने जग’ आणि ‘नवे जग’ अशी फाळणी झाली. एकातील आज्ञावली दुसऱ्यात सरळ चालेनात. दोष परीक्षणाच्या काटेकोरपणाचा नव्हे, ते यंत्रे विकली गेल्यानंतर झाले याचा आहे. आणि त्याचा भुर्दंड ग्राहकाला पडला.

दुसरा प्रश्न समावेशानंतरचा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचे वाण हळद्या रोगास प्रतिकारक म्हणून नावाजले. पुढे ती प्रतिकारशक्ती उणावल्याचे आढळले. वाण प्रसारित झाले म्हणजे त्यावरील लक्ष काढून घेता येत नाही. संहितेचेही तसेच आहे. २०१८ साली लिनक्सच्या ४.१७ या आवृत्तीतून आठ रचना वगळल्या गेल्या, त्या प्रामुख्याने त्यांना वापरणारे व सांभाळणारे उरले नव्हते म्हणून.

सी-डॅकचे ‘वेगा’ आणि मद्रास आयआयटीचे ‘शक्ती’ हे प्रक्रियक रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर आधारलेले आहेत. त्या संचाचा करार जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ४.१५ पासूनच गाभ्यात आहे. त्यामुळे भारतीय परीक्षकापुढे नवा करार तपासण्याचे काम फारसे उरत नाही. उरते ते दुसरेच, अधिक कष्टाचे: ही संहिता दहा वर्षांनी कोण सांभाळील, हे आजच विचारणे.