ऑस्करची कात्री

ऑस्कर सोहळ्याचे प्रक्षेपण लांबते, ही तक्रार आम्हांस मान्य आहे. मतभेद आहे तो कात्री कुठे चालवावी याविषयी. २०२२ साली संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत आदी आठ पारितोषिके थेट प्रक्षेपणाआधीच उरकण्यात आली. ज्या वेशभूषा-विभागात कोल्हापूरच्या भानू अथैय्या १९८३ साली मानकरी ठरल्या, तो तेवढा वाचला, एवढेच समाधान! पुढील वर्षी ही चूक सुधारली. मानद पुरस्कार मात्र २००९ पासून वेगळ्या समारंभात दिले जातात. १९९२ साली सत्यजित राय यांनी कलकत्त्याच्या रुग्णशय्येवरून मानलेले आभार मूळ सोहळ्यातच जगाने पाहिले होते. तो मान ज्येष्ठांना पुन्हा मिळावा. निवेदकाची थट्टामस्करी आवरली, तर तेवढी मिनिटे सहज निघतील.