'सति' आणि करुणा : दोन पालि प्रसंगांचा विचार

पालि 'सति' या शब्दाचा मूळ अर्थ स्मरण असा असून संस्कृत 'स्मृति' हे त्याचे प्रतिरूप होय. टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली त्यासाठी 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी पर्याय योजला. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात ताणनिवारणाचा उपक्रम सुरू केला आणि त्यानंतर हा शब्द रुग्णालये, कचेऱ्या व शाळा यांच्या व्यवहारात रूढ झाला. मराठीत आज 'सजगता' हा प्रतिशब्द वापरला जातो. या साधनाने कोणाचे दुःख हलके होत असेल, तर त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तथापि या स्थित्यंतरात सति ही साधकाच्या स्वतःपुरत्या मनःस्वास्थ्याची बाब ठरली आणि करुणा हा तिला मागाहून जोडावयाचा सद्गुण ठरला. मूळ ग्रंथांना ही विभागणी कितपत मान्य आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

सतिपट्ठान सुत्तात दैनंदिन जीवनाचा निर्देश विपुल आहे. चालणे, वळून पाहणे, हातपाय आखडणे व पसरणे, खाणे, पिणे, मलमूत्रविसर्जन, बोलणे आणि मौन, या सर्व क्रिया जाणतेपणाने व्हाव्यात असे तेथे सांगितले आहे. परंतु प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी येणाऱ्या पालुपदाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. निरीक्षण 'अज्झत्त' म्हणजे स्वतःच्या ठिकाणी करावे, तसेच 'बहिद्धा' म्हणजे बाहेरही करावे, असे ते पालुपद आहे. अट्ठकथेने 'बहिद्धा'चा अर्थ दुसऱ्याच्या ठिकाणी असा लाविला आहे. म्हणजे दुसऱ्याचा देह व दुसऱ्याची वेदना हीदेखील सतीच्या कक्षेत येतात.

संयुत्तनिकायातील सेदक सुत्तात हाच विचार दृष्टांतरूपाने आला आहे. वेळूवर कसरत करणारा एक डोंबारी आपल्या शिष्याला म्हणतो की, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळीन. शिष्य उलट सुचवितो की, प्रत्येकाने आपापला तोल सांभाळावा. खेळ तरच सुखरूप पार पडेल. बुद्ध शिष्याचा पक्ष उचित ठरवितात. पण तेथेच थांबत नाहीत. अभ्यासाने स्वतःचे रक्षण करणारा दुसऱ्याचे रक्षण करतो आणि क्षमा, अहिंसा, मैत्री व अनुकंपा यांनी दुसऱ्याचे रक्षण करणारा स्वतःचे रक्षण करतो, असे ते स्पष्ट करतात. या दोन्ही गोष्टींचे साधन एकच सांगितले आहे, ते म्हणजे सतिपट्ठान.

दुसरा प्रसंग विनयपिटकाच्या महावग्गातील आहे. अतिसाराने पीडित झालेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला बुद्धांना आढळतो. त्याची शुश्रूषा कोणीच करीत नाही; कारण तो इतरांच्या काही कामी आलेला नाही. हे कारण तो स्वतः सांगतो आणि विचारले असता इतर भिक्षूही तेच सांगतात. बुद्ध पाणी ओततात, आनंद त्याला धुतो आणि दोघे मिळून त्याला उचलून मंचकावर निजवितात. नंतर, ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने रुग्णाची सेवा करावी, अशा आशयाचा उपदेश होतो. शुश्रूषेची जबाबदारी कोणाची याचा क्रम ठरतो आणि ती टाळणे हा दोष मानला जातो.

या कथेचे प्रतिपाद्य सति नव्हे, हे मान्य केले पाहिजे. पण तिच्यातील भिक्षूंची दृष्टी कोठे अडली, हे मार्मिक आहे. ती उपयुक्ततेपाशी अडली. आजच्या कचेरीत सजगतेचे समर्थन पुष्कळदा कार्यक्षमतेच्या आधारे केले जाते. ज्या कसोटीने विहारातील रुग्ण दृष्टीआड झाला, तीच कसोटी येथे साधनेचे प्रयोजन बनते. ही विसंगती केवळ शब्दार्थाची नव्हे.

यावर एक आक्षेप संभवतो. सतिपट्ठानाचे अंतिम ध्येय निर्वाण आहे, समाजसेवा नव्हे; बुद्धघोषानेही विसुद्धिमग्गात करुणेचे विवेचन ब्रह्मविहारांच्या स्वतंत्र प्रकरणात केले आहे. आक्षेप रास्त आहे. परंतु त्याच विवेचनात हिंसा हा करुणेचा दूरचा शत्रू आणि प्रापंचिक शोक हा जवळचा शत्रू म्हटला आहे. दुसऱ्याच्या दुःखाने स्वतःच शोकाकुल होणे म्हणजे करुणा नव्हे. हा भेद ओळखण्यास जागृत चित्त लागते. तेव्हा प्रकरणे वेगळी असली तरी करुणेला सतीवाचून आपले स्वरूप राखता येत नाही.

सारांश, दैनंदिन जीवनात या उपदेशाचा विनियोग करावयाचा तर मन किती शांत झाले एवढेच विचारून भागणार नाही. आपल्या शेजारी कोण दुर्लक्षित पडला आहे, तो आपल्याला दिसला काय, आणि त्याची शुश्रूषा कोणाच्या तरी कर्तव्यात मोडते काय, हेही विचारावे लागेल. 'सजगता' या शब्दात हा आशय सामावून घेण्याची क्षमता आहे; मात्र 'बहिद्धा' हा अर्धा भाग त्यातून गळू देता कामा नये.