जबराचे इमान

कुटुंबावर कोसळलेली विपत्ती त्याच्या इमानी कुत्र्याच्या दृष्टीतून सांगावी, हा मोह लेखकांना वारंवार होतो, आणि बहुधा तो त्यांना दगा देतो. कुत्रा घरातला असतो, पण घराच्या देण्याघेण्यात त्याचा वाटा नसतो. तेव्हा तो निःपक्षपाती साक्षी ठरेल, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः इमान हाच एक पक्षपात होय. ज्याचा धन्यावर जीव जडला आहे त्याला धन्याचा न्याय करता येत नाही. शिवाय कर्ज आणि सारा यांना वास नसतो. मग ती त्याला कळावीत तरी कशी?

ही अडचण ओलांडण्याचा सोपा मार्ग म्हणजे प्राण्याला मनुष्याचे ज्ञान देऊन टाकणे. कृष्णचंदरांच्या ‘एक गधे की सरगुज़श्त’मधील गाढव लिहितावाचता आहे, मगरीने खाल्लेल्या धोब्याच्या बायकामुलांसाठी ते दिल्लीतील कचेऱ्यांचे उंबरठे झिजवते. हा उपरोध आहे, आणि उत्तम उपरोध आहे. परंतु तेथे दिसते ती गाढवाच्या कातड्यातील सुशिक्षित नागरिकाची दृष्टी. प्रेमचंदांनी १९३६ मध्ये मुलांसाठी लिहिलेल्या ‘कुत्ते की कहानी’तील कल्लूही आपली हकीकत स्वमुखाने सांगतो. कथा रंजक आहे खरी. पण कल्लू इतका शहाणा आहे की त्याची काळजी म्हणून वाटत नाही.

तेच प्रेमचंद ‘पूस की रात’ (१९३०) या कथेत जबराला एक शब्दही देत नाहीत. कांबळ्यासाठी साठवलेले तीन रुपये घेणेकरी सहनाच्या हाती जातात; मुन्नीचा विरोध व्यर्थ ठरतो. हल्कू पौषाच्या थंडीत शेत राखायला निघतो आणि जबरा त्याच्या पुढे धावतो. थंडी असह्य झाली तेव्हा हल्कू त्याला कुशीत घेतो. त्याच्या अंगाच्या दुर्गंधीचीही त्याला किळस येत नाही. जबराला कळतात त्या दोनच गोष्टी, ऊब आणि चाहूल; आणि चाहूल लागताच तो ऊब सोडून जातो. नीलगायी शेतात शिरतात, तो घसा फोडून भुंकतो. हल्कू उठतो, दोनतीन पावले टाकतो, आणि विझत्या शेकोटीकडे परततो. ते पीक आधीच दुसऱ्याचे झाले आहे हे हल्कूला ठाऊक आहे, जबराला नाही. कथेचे सारे दुःख या अंतरात साठले आहे.

ही कथा मराठीत आणणाऱ्याच्या हाती आपली भाषा एक आयता श्लेष ठेवते. खाल्ल्या मिठाला ‘जागणे’ या प्रयोगात इमान आणि निद्रात्याग एकत्र येतात. त्या रात्री कुत्रा दोन्ही अर्थांनी जागतो, आणि धनी झोपतो. हिंदीत ‘जागना’ला हा दुसरा अर्थ नाही. माझ्या मते अनुवादकाने हा शब्द येथे कटाक्षाने टाळावा. कुत्र्याच्या इमानाचा गौरव वाढला की हल्कू आपोआप आळशी व बेइमान ठरतो, आणि ते तीन रुपये वाचकाच्या स्मरणातून निसटतात.

अशी कथा आज पहाडगंजातील एखाद्या कुटुंबाविषयी लिहायची झाल्यास प्रश्न आणखी बिकट होतो. १९४७ नंतर पश्चिम पंजाबातील निर्वासितांनी गजबजलेल्या या वस्तीत, जेथे नूतन मराठी शाळेमुळे मराठी बोलही कानी पडतात, कुत्रा बहुधा घराचा नसतो, गल्लीचा असतो. चार उंबरठ्यांवरची पोळी खाणाऱ्याचे इमानही चार ठिकाणी वाटले जाते; आणि चारही घरांतील भांडणे त्याला अर्धीमुर्धीच ऐकू येतात. पुन्हा तो स्वतः तरी कोठे सुरक्षित आहे? दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिला होता. २२ ऑगस्टला त्यात बदल करून, निर्बीजीकरण व लसीकरणानंतर, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता, बाकीची मूळ जागी सोडण्यास सांगितले. विलायती कादंबरीतील शेकोटीपाशी पहुडलेल्या कुत्र्याची बैठक या साक्षीदाराला लाभलेली नाही.

त्याच्या तोंडी वाक्ये घालण्यापूर्वी लेखकाने ‘पूस की रात’चा शेवट पुन्हा वाचावा. सकाळ होते. शेत तुडवले गेले आहे. मुन्नीच्या चेहऱ्यावर उदासी आहे, हल्कू मात्र प्रसन्न आहे. यापुढे रात्री थंडीत निजावे लागणार नाही. जबरा खोपटाखाली निष्प्राण असल्यासारखा पडलेला आहे. त्याला काय वाटते, ते प्रेमचंद लिहीत नाहीत.