काय नाव घालू?

आजी गेली तेव्हा फ्रेम करण्याजोगा तिचा एकच फोटो सापडला. आवणीतला, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांतला. पौडच्या पुढे, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची खाचरं आहेत. तिथे बांधावर ती टेकली आहे, डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ, हातात रोपांची मूठ. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही, कॅमेरा धरणाऱ्याला काहीतरी सुनावते आहे आणि सुनावता सुनावता हसते आहे. फोटो माझ्या चुलतभावाने काढला होता. तेव्हा तो अकरावीत होता.

फोटोच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, बरोबर त्या चिखलाने भरलेल्या हातावर, पांढऱ्या अक्षरांत फोनच्या कंपनीचं नाव आहे. त्याखाली मॉडेल. त्याखाली 'एआय क्वाड कॅमेरा'.

फ्रेमवाल्याने विचारलं, "खालचं काढू का?" आम्ही घाईत होतो, हो म्हणालो. त्याने फोटो खालून कापला. दहाव्याला हार घालून फोटो मांडला तेव्हा थोरल्या काकू बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, आत्याबाईंचा हात कुठं गेला?"

हा लेख त्या कोपऱ्यातल्या ओळीबद्दल आहे. आपण सिनेमाची समीक्षा करतो, पुस्तकाच्या मुखपृष्ठाची करतो, लग्नपत्रिकेतल्या शुद्धलेखनावरही बोलतो. पण माझ्या घरच्या गॅलरीत जी ओळ शेकडो फोटोंवर छापलेली आहे, ती मी कधी वाचलीच नव्हती. काकूंच्या प्रश्नानंतर वाचली.

आधी तिच्याकडे वाक्य म्हणून बघू. 'शॉट ऑन' अमुक अमुक. मराठीत सांगायचं तर 'अमुक फोनवर काढलेला'. आता आपल्याकडे 'फोटो काढला' असं म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कुणी? मराठीत या क्रियापदाला 'ने' लागलेला माणूस हवा असतो. ताईने काढला, पक्याने काढला, रस्त्यावरच्या एका काकांना विनंती केली, त्यांनी काढला. कोपऱ्यातल्या ओळीत हा 'ने'वाला माणूसच नाही. कर्ता गाळलेला आहे आणि त्याच्या जागी साधन बसवलेलं आहे. 'ही भाकरी अमुक तव्यावर भाजलेली आहे' असं कुणी ताटात लिहून वाढलं तर आपण हसू. फोटोवर तेच लिहिलेलं असतं तेव्हा ते आपल्या नजरेत भरत नाही.

फोटोवर अक्षरं असणं ही काही नवी गोष्ट नाही, त्यामुळे सगळ्या अक्षरांना एकाच मापाने मोजून चालणार नाही. रोलच्या कॅमेऱ्यांच्या काळात कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटायची. तीही चित्रावरच उमटायची आणि घड्याळ लावलेलं नसेल तर चुकीची उमटायची. पण ती फोटोबद्दल काहीतरी सांगायची. आज आईच्या अल्बममध्ये तेच आकडे बघून आम्ही वाद घालतो की ही सहल माझ्या बारशाच्या आधीची की नंतरची.

त्याहून जुनं उदाहरण आमच्या शेजारच्या तालुक्यातलं आहे. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला आणि काही वर्षांनी तो मावळात, लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या आणि त्यांतल्या कित्येक चित्रांच्या तळाशी रविवर्मा प्रेसचं, कार्ला-लोणावळ्याचं नाव इंग्रजीत छापलेलं असायचं. लोकांनी त्या चित्रांना हळदकुंकू वाहिलं. खालच्या नावाची कुणाला अडचण झाल्याचं मी ऐकलेलं नाही. तिथे ते नाव योग्यच होतं, कारण ते चित्र छापखान्यानेच तयार केलं होतं आणि घेणाऱ्याने ते तयार विकत घेतलं होतं. शिवाय नाव चित्राच्या खालच्या कडेला होतं, लक्ष्मीच्या तळहातावर नव्हतं.

फोनचा व्यवहार उलटा आहे. मी कंपनीकडून साधन विकत घेतो, पैसे पूर्ण देतो, आणि त्या साधनाने जे करतो ते माझं असतं. खुरप्यावर लोहाराची खूण असू शकते. खुरपलेल्या रानात ती कशाला?

आणि या बाबतीतली आपली खरी परंपरा मला भांड्यांच्या दुकानात दिसते. लग्नात, बारशाला द्यायचं स्टीलचं पातेलं घेतलं की दुकानदार यंत्राची टोकदार सुई हातात धरून विचारतो, "काय नाव घालू?" मग आपण सांगतो: कुणाकडून, कुणाला, कशाप्रीत्यर्थ, तारीख. कंपनीचा शिक्का असला तर तो बुडाला कुठेतरी असतो. कडेला देणाऱ्याचं नाव असतं. चाळीस वर्षांनी ते पातेलं घासताना कुणीतरी वाचतं आणि म्हणतं, "ही कोण गं, विमल?" मग विमलची गोष्ट निघते. एका ओळीत एवढं सामर्थ्य असतं, जर लिहिणाऱ्याने आधी विचारलं असेल तर.

फोन विचारत नाही. माझा खरा आक्षेप इथे आहे आणि तो मी माझ्या धंद्यातला माणूस म्हणून घेतो. मी याच तालुक्यात, हिंजवडीत, कोड लिहितो. एखादी सोय चालू ठेवून ग्राहकाच्या हातात द्यायची की बंद ठेवून, हा निर्णय आमच्याकडे कुणीतरी मीटिंगमध्ये घेतो. आपोआप असं काही नसतं. बहुतेक लोक सेटिंगमध्ये जात नाहीत हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून 'हवं तर बंद करा' हे वाक्य खोटं नसलं तरी अर्धंच असतं. ज्याला ते सेटिंग आहे हेच माहीत नाही, त्याच्यासाठी ते अस्तित्वातच नाही.

ही ओळ फोटो काढणाऱ्याच्या उपयोगाची आहे, असा बचाव कुणी केला तर तोही टिकत नाही. फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची नोंद आधीच असते. कंपनी, मॉडेल, तारीख, वेळ, शटरचा वेग आणि लोकेशन चालू असेल तर जागासुद्धा. कुणाच्या चेहऱ्यावर किंवा हातावर न लिहिता हे सगळं तिथे शांतपणे बसलेलं असतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ही नोंद गळून पडते. मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी लागते. म्हणजे फोटो एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये गेला की कंपनीचं नाव पुसलं जातं. पिक्सेलमध्ये लिहिलेलं नाव मात्र पुसलं जात नाही, ते फॉरवर्ड होत राहतं. माझा फोन कोणता हे मला माहीत असतंच. ओळ आहे ती पुढच्या माणसासाठी. तिला जाहिरात म्हणतात.

फोटोबरोबर माहिती मागणाऱ्या दुसऱ्या सोयी बघितल्या की फरक कळतो. 2021 च्या 15 ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. काका खाचरात उभे राहून ॲपमधून भाताचा फोटो काढतात, त्यासोबत अक्षांश-रेखांश नोंदले जातात. नेटवर्क नसतं म्हणून ते वैतागतात, पण ती नोंद कशासाठी आहे हे त्यांना माहीत असतं. सातबाऱ्यावर पीक लागायला हवं. तिथे माहितीला काम आहे.

इथपर्यंत लिहून मी हे चुलतभावाला वाचून दाखवलं. तो आता पिरंगुटला एका कारखान्यात कामाला आहे. ऐकून म्हणाला, "दादा, मला ती पट्टी बंद करता येत होती की. मुद्दाम चालू ठेवलेली."

मला हे अपेक्षित नव्हतं. तो फोन त्याने दिवाळीच्या सुट्टीत फटाक्यांच्या स्टॉलवर काम करून, उरलेले पैसे आजीकडून घेऊन विकत घेतला होता. ताम्हिणीला पोरं जायची, स्टेटसला फोटो लागायचे, आणि त्याच्या फोटोखाली फोनचं नाव दिसायचं. वर्गात सगळ्यांना कळायचं की याच्याकडे आता चार कॅमेऱ्यांचा फोन आहे. "तुझ्या फोनला लिहायची गरजच नव्हती," तो म्हणाला. "तू आरशात फोटो काढायचास, मागचा लोगो दिसायचा."

त्याचं खरं आहे. ॲपलने 2015 पासून 'शॉट ऑन आयफोन' ही मोहीम चालवली आणि मोठमोठ्या होर्डिंगवर लोकांचे फोटो लावले. ते बघून आम्ही इंजिनिअरिंगची पोरं भारावून जायचो. तीच ओळ स्वस्त फोनवाल्याच्या फोटोवर दिसली की आम्हीच फिदीफिदी हसायचो. वॉटरमार्कची चेष्टा करणाऱ्या मीममध्ये सौंदर्यदृष्टी थोडी असते आणि फोनच्या किमतीवरून माणसाची पायरी ठरवणं जास्त. मीही त्या हसण्यात होतो, हे इथे कबूल केल्याशिवाय पुढे लिहिणं बरं नव्हे. गंमत अशी, की त्या सुरुवातीच्या होर्डिंगवर फोनच्या नावाबरोबर फोटो काढणाऱ्याचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर असायचं. उघडउघड जाहिरात होती, तरी तिच्यात 'ने'वाला माणूस होता. माझ्या भावाच्या फोटोवर तो नाही.

कंपन्यांनाही याचा थोडा अंदाज आला असावा. शाओमीने 2022 मध्ये लायकाबरोबर काढलेल्या फोनमध्ये ही माहिती फोटोच्या खाली जोडलेल्या पांढऱ्या पट्टीत जाऊ लागली, चित्राच्या बाहेर. रविवर्मा प्रेसची जागा इतक्या वर्षांनी पुन्हा सापडली म्हणायची. आणि बऱ्याच फोनमध्ये त्याच सेटिंगमध्ये स्वतःचं नाव लिहायची सोयही असते. भावाला ती माहीत नव्हती. माहीत असती तर त्या कोपऱ्यात त्याचं नाव असतं, आणि मग कदाचित फ्रेमवाल्याला मी 'काढ' म्हणालो नसतो.

कारण कोपऱ्यात काहीच लिहू नये, असं माझं म्हणणं नाही. मुळशीच्या जलाशयावर उभं राहून आपण सगळेच फोटो काढतो. मागे डोंगर, धुकं, पाणी, कोपऱ्यात मॉडेल. त्या पाण्याखाली गावं आहेत. मुंबईला वीज देण्यासाठी टाटांच्या कंपनीने इथे धरण बांधायला घेतलं, तेव्हा 1921 च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथेच. राजेंद्र व्होरांनी 'मुळशी सत्याग्रह' या पुस्तकात ते सगळं नीट लिहून ठेवलं आहे. हे कुठलाही फोन फोटोवर आपोआप उमटवणार नाही, आणि उमटवावं असंही नाही. पण फोटोखाली लिहायला जागा एवढीशीच असते, तेव्हा तिथे काय असावं हा प्रश्न बघणाऱ्याचा आणि काढणाऱ्याचा आहे. गावाचं नाव, माणसाचं नाव, किंवा काहीच नाही. यांतलं काहीही चालेल, निवडलेलं असलं म्हणजे झालं.

निवडायला अर्धं मिनिट लागतं. कॅमेरा उघडा, त्याच्या सेटिंगमध्ये जा, 'वॉटरमार्क' किंवा 'शॉट ऑन' असं काहीतरी सापडेल. फोनगणिक जागा बदलते. ते बंद करा, किंवा तिथे आपलं नाव लिहा. घरी गेलात की आईवडिलांच्या फोनमध्येही बघा, पण परस्पर बदलू नका, विचारा.

एवढंच लक्षात ठेवा की बंद केल्याने पुढचे फोटो सुटतात, मागचे नाही. काही फोनच्या गॅलरीत नंतर पट्टी काढायची सोय असते, पण ती मूळ फाइलवर. आमची मूळ फाइल त्या फोनबरोबरच गेली, आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत उरली. मी तिच्यावर अक्षरं खोडणारं एआयचं साधनही चालवून बघितलं. अक्षरं गेली, आणि खालून एक हात आला. स्वच्छ, गुळगुळीत बोटांचा, चिखल सारखा पसरलेला. आजीच्या तर्जनीचं पेर विळ्याने कापलं गेलं होतं, ते वाकडं जुळलं होतं. साधनाला ते कुठून माहीत असणार? त्याने सरासरी बाईचा हात काढून दिला. मी ती फाइल ठेवली नाही.

म्हणजे आमच्यापुढे तीनच हात होते: अक्षरांखालचा, कापलेला आणि खोटा. वर्षश्राद्धाच्या आधी आम्ही अक्षरांखालचा निवडला. पूर्ण फोटो पुन्हा छापून घेतला, पट्टीसकट. अक्षरांच्या मधून रोपांचे शेंडे आणि ते वाकडं पेर दिसतं. काकू म्हणाल्या, असू दे, हात तर आहे.

फ्रेम बंद करण्याआधी भावाला पेन दिला. त्याने फोटोच्या मागे आजीचं नाव लिहिलं, खाचराचं नाव लिहिलं, साल लिहिलं. मग थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "खाली माझं लिहू?"