सोहळ्याची नांदी कुणासाठी?

२ मार्च २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या डॉल्बी थिएटरमध्ये ९७वा ऑस्कर सोहळा गाण्यांनी सुरू झाला. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होती. आरियाना ग्रांडे आणि सिंथिया एरिवो यांनी तीन गाणी गायली: 'द विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९) मधलं इंद्रधनुष्याचं, 'द विझ'मधलं 'होम' आणि 'विकेड'मधलं 'डिफाइंग ग्रॅव्हिटी'. ७ जानेवारीला पेटलेल्या वणव्यांत या शहराच्या वस्त्याच्या वस्त्या जळाल्या, त्याला ५४ दिवस झाले होते.

मी दिवस मोजले, कारण मी तळीयेच्या पंचक्रोशीतला. २२ जुलै २०२१ला डोंगर वाडीवर आला, ८०हून अधिक माणसं गेली, आणि पन्नास दिवसांनी, १० सप्टेंबरला, गणपती आले. सण कुणासाठी थांबत नाही. अशा वेळी पहिलं गाणं कोणतं म्हणायचं, हा प्रश्न कलेचा आहे तितकाच शेजारधर्माचा.

आपल्याकडे आरंभाला ठरलेलं रूप आहे. संगीत नाटकाला नांदी, तमाशाला गण. आमच्या जाखडीतही आधी गणच. गायक-वादक मधे, नाचणारे भोवती. गण म्हणताना शाहीर देवापुढे उभा असतो. प्रेक्षकांपुढे तो नंतर येतो. आरंभाच्या गाण्याने गाणाऱ्याला मागे ठेवावं, ही त्यातली शिकवण.

या कसाला ऑस्करची पहिली दोन गाणी उतरतात. ग्रांडे एकटी, घाई न करता गाते. मग एरिवो 'होम' गाते. दोन्ही गाण्यांत जळालेल्या वस्तीचं नाव नाही, आणि तेच बरं. नाव घेतलं असतं तर ती शोकसभा झाली असती. न घेतल्यामुळे ज्याचं घर गेलं त्याला ते गाणं आपलं म्हणता आलं.

तिसऱ्या गाण्याने हिशेब बदलतो. 'विकेड'ला त्या वर्षी दहा नामांकनं होती. स्पर्धेतली गाणी मंचावर सादर करायची नाहीत, असं अकादमीने आधीच ठरवलं होतं. त्यामुळे जिवंत गाण्याची सर्वात मोठी जागा स्पर्धेतल्या एका सिनेमाला मिळाली. एरिवोचा शेवटचा सूर थक्क करतो, हे खरंच. पण टाळ्या पडल्या त्या त्या उंच सुराला. घराची आठवण तोवर मागे पडली होती.

तरीही आपल्या मराठी पुरस्कार सोहळ्यांनी यातून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे आरंभ म्हणजे बहुधा नायकाची एंट्री, ध्वनिमुद्रित गाण्यांची मिसळ आणि त्यावर हलणारे ओठ; काटछाट करून काही दिवसांनी ते टीव्हीवर येतं. खऱ्या गळ्याने, त्या क्षणी गायलेलं एक संथ गाणं सभागृहाला जागेवर आणतं. नांदी आपल्या घरचीच आहे. ती कुणासाठी म्हणायची, एवढं मात्र गाणं निवडण्याआधी ठरायला हवं.