ऑक्टेव्हिया बटलर यांच्या विज्ञानकथांतील भिन्नत्व आणि माणूसपण

कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलर (१९४७–२००६) यांच्या ‘ब्लडचाइल्ड अँड अदर स्टोरीज’ (१९९५) या संग्रहात विज्ञानकथांसोबत दोन लेखही आहेत. त्यांतील भिन्नत्वाच्या जाणिवेचा येथे विचार केला आहे.

‘ब्लडचाइल्ड’ (१९८४) या कथेत त्लिक या कीटकसदृश परग्रहवासीयांच्या आश्रयास आलेले पुरुष त्यांची अंडी आपल्या शरीरात वाढवतात. अनेकांना यात गुलामगिरीचे रूपक दिसले. बटलर यांनी कथेच्या उत्तरकथनात ते नाकारून तिला प्रेमकथा म्हटले. तथापि, लेखिकेचा खुलासा मान्य केला तरी कथेतील सत्तेची विषमता नाहीशी होत नाही. गॅन अखेरीस गर्भधारणा स्वीकारतो. मात्र निषिद्ध बंदूक घरातच राहावी, असा आग्रह धरतो. दुर्बलाच्या हाती प्रतिकाराचे साधन राहू देण्याचा धोका सबलानेही पत्करावा, ही त्याची अट आहे. कथेचे मर्म या अटीत आहे.

‘स्पीच साउंड्स’ (१९८३) मध्ये साथीच्या रोगाने कोणाची वाणी, तर कोणाची अक्षरओळख हिरावली आहे. रायला बोलता येते, ऑब्सिडियनला वाचता येते. आपण गमावलेले दुसऱ्यापाशी आहे, हे कळताच तिच्या मनात क्षणभर त्याच्या हत्येची ऊर्मी उसळते. येथे भिन्नत्व परग्रहावरून येत नाही. शेजारच्या माणसातच ते असह्य होते.

कृष्णवर्णीयांना विज्ञानकथेचा उपयोग काय, हा प्रश्न बटलर ‘पॉझिटिव्ह ऑब्सेशन’ या लेखात उपस्थित करतात. त्याचे समर्पक उत्तर या कथाच देतात : भिन्नत्व न पुसता, परस्परांचा धोका पत्करून जगणे म्हणजे माणूसपण होय.