सई परांजपे : निर्माती आणि प्रचारक

परप्रांती सरकारी नोकरी पत्करलेल्या लेखकाची प्रतिभा फायलींखाली चिरडून जाते, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. देवनहळ्ळीसारख्या गावी बदलून आलेल्या आपणांपैकी ज्यांना एके काळी लिहिण्याची हौस होती, त्यांना ती सोयीचीही वाटते! सई परांजपे यांची कारकीर्द या समजुतीस चोख उत्तर आहे. दिल्ली दूरदर्शनवर त्यांनी अनेक वर्षे निर्मातीचे काम केले, आणि त्यांच्या कलेचे खरे शिक्षण आमच्या मते तेथेच झाले. लहानसा स्टुडिओ आणि मोजकी पात्रे एवढ्या भांडवलावर भागवावयाचे म्हणजे माणसांच्या बोलण्याकडे कान देणे आलेच. १९७२ साली तेहरान येथे आशियाई प्रसारण संघाचे पारितोषिक मिळविणारा त्यांचा दूरचित्रपट 'द लिटल टी शॉप' हा होता, यात नवल नाही. 'चष्मेबद्दूर' (१९८१) या गाजलेल्या चित्रपटाचे मूळही 'धुआँ धुआँ' या दूरदर्शनवरील नाट्यातच आहे.

त्यांच्या मातोश्री शकुंतलाबाई संततिनियमनाच्या निर्भय प्रचारक. तो वारसा कन्येकडेही आला, आणि येथे टीकाकारास थबकावे लागते. 'स्पर्श' (१९८०) मधील अंध मुख्याध्यापक अनिरुद्ध दया नाकारतो. एवढेच सांगावयाचे असते तर एक भाषण पुरले असते. बाईंनी मात्र त्या अभिमानाची दुसरी बाजू उघडी केली. ज्या हट्टाने तो जगाची कीव झिडकारतो, त्याच हट्टाने तो कवितेच्या प्रेमातही त्याग आणि उपकार शोधू लागतो, आणि ठरलेले लग्न मोडतो. अंधांची कैवारी लेखिका आपल्याच नायकास दोषी ठरविण्यास कचरत नाही. या पटकथेस राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तो सर्वथा योग्य.

'दिशा' (१९९०) मध्ये गाव सोडून मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्यांचा प्रश्न आहे. परंतु मनात राहतो तो वर्षानुवर्षे एकट्याने विहीर खणणारा परसा. 'चकाचक' (२००५) सारख्या बालचित्रपटात स्वच्छतेचा विषय आधी येतो आणि माणसे मागून. तेथे प्रचारक निर्मातीवर मात करतो.

'सय' (२०१६) या पुस्तकात बाईंनी हा कलाप्रवास मराठीत सांगितला आहे. त्यातील चित्रपटांची प्रकरणे वाचक आपण होऊन उघडतील. दूरदर्शनवरील पाने मात्र आपल्या मंडळींनी आधी वाचावीत.